सगळ्यांचा एकच कोट

बस स्टँडवरचे सार्वजनिक संडास आबांनी ऐन उमेदीपासून केस पांढरे होईपर्यंत सांभाळले. सांभाळले म्हणजे धुतले, घासले, तुंबले तेव्हा हात घालून मोकळे केले, आणि उरलेला वेळ दाराशी स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहिलं. त्यामुळे माणसांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं राहिलं नव्हतं. "आत जाताना सगळे सारखेच घायकुतीला आलेले," ते म्हणायचे, "आणि बाहेर आला की जो तो साहेब. शर्ट खोचला, भांग सारखा केला, की गडी आपण कुठून आलो ते विसरला."

आता ते मुलाकडे राहायचे. मुलगा बाथरूमच्या सामानाच्या शोरूममध्ये सुपरवायझर होता. तिथे काचेमागे, दिव्यांच्या झगमगाटात कमोड मांडून ठेवलेले असत, आणि हा गळ्याला टाय आवळून त्यांच्यावरून हात फिरवत गिऱ्हाइकाला सांगायचा, "सर, नुसता आकार बघा याचा." बापानं जन्मभर जे घासलं तेच मुलगा टाय लावून विकत होता. आणि त्याच बापाच्या कामाची त्याला एवढी लाज, की शोरूममध्ये, शेजारात, सासुरवाडीला त्यानं 'आमचे वडील बस खात्यात होते' असं सांगून ठेवलं होतं. कुणी फारच खोदून विचारलं तर 'अधिकारी होते' म्हणायचा आणि हवापाण्यावर घसरायचा.

आबा हे सगळं ऐकायचे आणि नाक मुरडायचे. मुलाची त्यांनी आशा सोडली होती. घरात त्यांचं म्हणावं असं एकच माणूस होतं, ते म्हणजे नात. अकरा-बारा वर्षांची पोर, एका जागी बूड टेकायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. तिला आजोबांचं काम ठाऊक होतं आणि तिथल्या गोष्टी ऐकून ती गादीवर लोळायची. एका पुढाऱ्यानं आत कडी लावून संध्याकाळच्या सभेचं भाषण म्हणून पाहिलं, आणि बाहेर रांगेत ताटकळलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, ही तिची सगळ्यात आवडती. ती पुनःपुन्हा सांगायला लावायची. जगाला काय थापा मारायच्या त्या मुलानं माराव्यात, पण या पोरीनं आपल्याला कधी झाकू नये, एवढंच आबांना हवं होतं. बोलून दाखवलं नव्हतं, बोलायची गरजही वाटली नव्हती.

मग शाळेतून निरोप आला. सूनबाईंनी फोनवर मोठ्यानं वाचला. "'माझे आजोबा आणि त्यांचे काम.' कॉम्प्युटरवर फोटो जोडून कोलाज करायचं. मोठ्या कागदावर छापून आणायचं. प्रदर्शन आहे, बक्षिसं आहेत. आणि आजोबा हयात असतील तर त्यांनाही घेऊन यायचं."

"कोलाज म्हणजे काय?" आबांनी विचारलं.

"पुष्कळ फोटो कापून एकात एक चिकटवायचे," भिंगरी म्हणाली. "कात्रीनं नाही, माउसनं. आम्हाला शिकवलंय."

"खाली लिहिलंय, 'मुलांनी स्वतः करावे,'" सूनबाई म्हणाल्या.

"स्वतः म्हणजे आपणच," मुलगा म्हणाला आणि त्यानं टीव्ही बंद केला. टीव्ही बंद झाला म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे आबांनी ओळखलं. "आबा, तुमचा एक चांगला फोटो पाहिजे."

"आहे ना. मतदानाच्या कार्डावर आहे."

"त्यात तुम्ही पळून आलेल्यासारखे दिसता."

"मग मी कसा दिसतो?"

दुसऱ्या दिवशी शोरूममधून लवकर सुटून मुलगा आबांना स्कूटरवर घालून फोटो स्टुडिओत घेऊन गेला.

स्टुडिओवाल्याला सगळे फ्लॅश म्हणायचे. माणूस बोलतानाही सारखे डोळे मिचकावायचा. आत एक फिरतं स्टूल, छत्री लावलेला दिवा, मागे इस्त्री मोडलेला पडदा, आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. कॅमेऱ्यापेक्षा कॉम्प्युटरवर धूळ कमी होती, त्यावरून धंदा कशावर चालतो ते कळत होतं.

"बसा, आबा. मान तेवढी सरळ ठेवा. बाकीच्या अंगाची काळजी करू नका."

"अंग बरोबर आणलंय मी," आबा म्हणाले.

"असू दे, असू दे. ते आपल्याला लागणार नाही."

दिवा लखकन चमकला, काम झालं. आबा उठून कॉम्प्युटरपाशी आले तोवर फ्लॅशनं त्यांचं मुंडकं गळ्यापासून कापून बाजूला ठेवलं होतं. आपलं डोकं असं ताटात वाढल्यासारखं पाहून आबांनी स्वतःची मान चाचपून घेतली.

"जरा रुबाबदार करा," मुलगा हळू आवाजात म्हणाला. "अधिकारी वाटले पाहिजेत."

"धडं आहेत की माझ्याकडे. डॉक्टर आहे, वकील आहे, वैमानिक आहे. पण वैमानिकाचे खांदे आबांना ढगळ होतील." फ्लॅशनं एकेक बिनमुंडक्याचा माणूस पडद्यावर आणून दाखवला. "माझं ऐका, निळा कोट घ्या. कुणालाही बसतो."

निळा कोट आला. कोटाला टाय, कोटापुढे टेबल, टेबलावर टेलिफोन, आणि टेलिफोनशेजारी एकमेकांत गुंफून ठेवलेले दोन गोरे, गुबगुबीत हात. एका बोटात लाल खड्याची अंगठी.

"हे हात कुणाचे?" आबांनी विचारलं.

"माझ्या मेहुण्याचे. कामधंदा काही करत नाही, पण हात बघा, साहेबाचे आहेत."

"काम नाही केलं की होतात तसे." आबांनी पडद्याकडे नाक नेलं. "आणि तिसरं बटण लोंबतंय."

"बटण कोण बघतंय, आबा? लोक चेहरा बघतात."

"चेहरा बघायचा असेल तर मग कोट कशाला?"

फ्लॅश डोळे मिचकावत मुलाकडे वळला. म्हातारे असंच बोलतात, असा तो भाव होता. मुंडकं कोटावर बसवलं गेलं, कॉलरीपाशी थोडं पुसून घेतलं गेलं, आणि आबा बस खात्याचे अधिकारी झाले. मुलानं तो फोटो पेन ड्राइव्हवर घेतला, खिशात जपून ठेवला आणि परतताना सबंध वाटभर शीळ घातली. मागे बसलेले आबा स्वतःशी पुटपुटत होते. त्यांना अजून भरवसा होता. फोटो बापाच्या खिशात असला तरी माउस पोरीच्या हातात आहे, असं ते मनाशी म्हणत होते. भिंगरी हा कोट पाहील आणि हसून हसून लोळेल.

रविवारी दुपारी भिंगरी कॉम्प्युटरपुढे बसली. आबांनी खुर्ची ओढून तिच्या मागे ठाण मांडलं. पोरीचा हात असा चालत होता की आबा बघत राहिले. कुठूनशी एक चकचकीत दुमजली बस आणली, तिच्या कडेनं रेघ फिरवली, मागचा रस्ता उडवला आणि बस उचलून आपल्या कागदावर ठेवली. मग आभाळ आणलं. मग काचेची उंच इमारत.

"हे काय?"

"तुझं ऑफिस."

"माझं एवढं मोठं ऑफिस होतं तर मी स्टुलावर का बसायचो?"

ती खुदकन हसली. "आबा, गप्प बस ना. रेघ हलते माझी."

शेवटी निळ्या कोटातले आबा आले. ती लोळली नाही. तिनं मान तिरकी करून फोटो नीट पाहिला, शिंप्यानं कापड पाहावं तसा, आणि म्हणाली, "दात पाहिजे." आबांच्या पुढच्या दातांतला एक पडला होता, आणि फ्लॅशनं हसा म्हटल्यावर ते भगदाड फोटोत उतरलं होतं. भिंगरीनं आईचा एक फोटो उघडला, त्यातला एक दात टिपून घेतला, लहान केला, जरा पिवळसर केला आणि आबांच्या तोंडात बसवला.

"बघ. कुणाला कळणार नाही."

"तुझ्या आईचा दात माझ्या तोंडात? आता मी तिच्यासारखं बोलायला लागलो तर?"

"बरंच होईल," सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "घरात एखाद दिवस तरी शांतता नांदेल."

पोरीनं कपाळावरच्या आठ्या पुसल्या. गळ्याच्या शिरा पुसल्या. आबा पाहत होते आणि पडद्यावरचा माणूस एकेक टिचकीसरशी त्यांच्यापासून दूर चालला होता. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"स्टँडवरचं ते दार नाही लावायचं कुठे? हिरवं? कोपऱ्यात लहानसं?"

माउस थांबला. तिनं आधी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं, तिथे बाप पेपर वाचत होता. "बाबा नको म्हणाले."

"ते ठाऊक आहे मला. तू काय म्हणतेस?"

तिनं पडद्यावरची बस उगाच जराशी सरकवली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "सगळ्यांचे आजोबा मोठे आहेत, आबा."

आबा उठले, खुर्ची जागच्या जागी ठेवली आणि गॅलरीत जाऊन बसले. मुलानं हे म्हटलं असतं तर त्यांनी त्याला शेलक्या शब्दांत धुऊन काढला असता. त्यानंतर भिंगरी गोष्ट सांग म्हणून गळ्यात पडली की ते हात सोडवून घ्यायचे आणि म्हणायचे, "अधिकाऱ्यांना गोष्टी येत नाहीत. त्यांना फायली येतात." ती हिरमुसून निघून जायची. त्यांनाही बरं वाटायचं नाही, पण ते माघार घ्यायचे नाहीत.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेचा हॉल माणसांनी फुलून गेला होता. भिंतीला ओळीनं कोलाजं लावली होती, आणि प्रत्येकाखाली एक खुर्ची ठेवून तिच्यावर हयात असलेला ज्याचा त्याचा आजोबा बसवला होता. ही कल्पना मोठ्या बाईंची. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. परीक्षक म्हणून त्यांनी कुणाला बोलावलं होतं? फ्लॅशला. फोटोतलं त्याच्याइतकं कुणाला कळतं, असं त्यांचं म्हणणं.

आबा आत शिरले, चार पावलं चालले आणि थबकले. समोरच्या भिंतीवर निळा कोट होता. त्याच्या शेजारी निळा कोट होता. पलीकडे, आणि त्याच्याही पलीकडे. डावीकडच्या भिंतीवर पुन्हा निळा कोट. टेबल तेच, टेलिफोन तोच, मेहुण्याचे गुबगुबीत हात तेच, लाल खडा तोच, आणि प्रत्येकाचं तिसरं बटण लोंबत होतं. खाली सुबक अक्षरांत लिहिलेलं: बँक मॅनेजर. इंजिनिअर. प्राध्यापक. पुन्हा बँक मॅनेजर. एका लठ्ठ आजोबांचं मुंडकं त्या कोटावर बाटलीवर कलिंगड ठेवावं तसं दिसत होतं. एक वारलेले आजोबा जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोतून आले होते, त्यामुळे मान राखाडी आणि हात गुलाबी. एकाचं तोंड दुसऱ्या बाजूला वळलेलं होतं म्हणून फ्लॅशनं कोटच उलटा फिरवला होता, टेलिफोन इकडचा तिकडे गेला होता. कुणाची तरी आजीसुद्धा त्याच कोटात बसली होती, टायसकट.

तीन-चार मुलांनी कोलाज खरोखरच स्वतः केलं होतं. एकीचा आजोबा शिडीवर चढून भिंत रंगवत होता आणि कापताना त्याचा एक कान उडाला होता. तिकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

खरी मौज पालकांची होती. प्रत्येकाला दुसऱ्याचा कोट दिसत होता, आपला मात्र दिसत नव्हता. "लोक काय काय करतात बाई," एक आई दुसरीच्या कानात म्हणाली, आणि आपल्या सासऱ्यांच्या फोटोपुढे जाऊन पदर सारखा करून उभी राहिली. आबांचा मुलगा भिंतीवरून नजर फिरवताना आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग खांदे ताठ करून म्हणाला, "आपला सगळ्यात चांगला छापलाय." मुलांना असलं सोंग जमत नव्हतं. ती एकमेकांना ढोसत होती. "तुझे आजोबा माझ्या आजोबांचे जुळे." "तुझ्यांनी माझ्यांची अंगठी ढापली." भिंगरी कुणाला ढोसत नव्हती. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत गेली, प्रत्येक कोटापुढे थांबली, आणि मग आबा आपल्या चित्राखाली जाऊन बसले होते त्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली. जागची हलली नाही. भिंगरीला अशी उभी आबांनी कधी पाहिली नव्हती.

शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा आबांकडे झुकले. त्यांच्या फोटोखाली बँक मॅनेजर लिहिलेलं होतं. "तुम्ही खरंच बस खात्यात?"

"तुम्ही खरंच बँकेत?"

"दारावर होतो. बंदूक होती माझ्याकडे."

"चालायची?"

"कधी चालवून बघितली नाही." आजोबांनी वर आपल्या कोटाकडे पाहिलं. "बंदुकीसकट फोटो आहे घरी. सून म्हणाली, नको, पाहुणे घाबरतील."

"पाहुणे कशाला घाबरतात. सून घाबरली असेल," आबा म्हणाले.

तेवढ्यात परीक्षक आले. फ्लॅश हात मागे बांधून भिंतीच्या कडेकडेनं फिरत होता. सबंध गावानं आपल्याच दुकानचे कपडे घातलेत हे पाहून शिंप्याला वाटावं तसं त्याला वाटत होतं. प्रत्येक कोटापुढे तो मान डोलवायचा. आपलंच काम तो किती बारकाईनं तपासत होता. आबांच्या कोलाजपुढे मात्र तो वाकला, डोळे मिचकावले, पुन्हा वाकला. "हा दात माझा नाही," तो म्हणाला.

"मी लावलाय," भिंगरी म्हणाली.

झालं. पहिलं बक्षीस तिथेच ठरलं. मोठ्या बाईंनी माईकवरून नाव पुकारलं आणि विजेतीनं आजोबांना घेऊन स्टेजवर यावं असं सांगितलं. मुलानं आबांचा दंड धरून त्यांना उठवलं आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "आबा, आजच्या दिवस. पाया पडतो तुमच्या. काही विचारलं तर नुसती मान हलवा."

स्टेजवर आबा उभे राहिले तेव्हा हॉलमध्ये थोडी कुजबुज झाली. वर भिंतीवर दिसणारा माणूस आणि हा माणूस यांत फक्त नाक तेवढं सारखं होतं. हा हडकुळा, दात पडलेला, आणि ॲसिडनं डागाळलेले हात कुठे ठेवावेत ते न कळून त्यानं सदऱ्याच्या खिशात कोंबलेले. फ्लॅशनं भिंगरीच्या हातात चषक दिला. मोठ्या बाईंनी माईक आबांच्या तोंडापुढे धरला.

"आजोबा, आपण बस खात्यात अधिकारी होता. आपल्या कामाबद्दल मुलांना दोन शब्द सांगाल?"

आबांनी हॉलकडे पाहिलं. खाली एवढे सगळे साहेब बसले होते, शर्ट खोचून, भांग सारखे करून. दोन वाक्यांत त्यांना पळता भुई थोडी करता आली असती. जिभेवर सगळं तयार होतं, जन्मभराचं साठलेलं. पण पहिला घाव कुणावर बसणार होता? शेजारी चषक छातीशी धरून उभी होती तिच्यावर. आणि मुलानं सांगितलं तशी नुसती मान हलवावी, तर मग आपल्यात आणि त्या मेहुण्यात फरक काय? खाली मुलगा टायची गाठ घट्ट धरून बसला होता, माणूस बुडताना दोर धरतो तशी.

आबांनी माईक हातानं बाजूला केला, रागानं नव्हे. "चित्र तिनं केलंय," ते म्हणाले. "मी कोण होतो ते तिलाच विचारा." आणि त्यांनी भिंगरीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं त्यांच्या तोंडाकडे बघून उत्तर द्यावं, असं त्यांना नको होतं. ते समोरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

"सांग बाळा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बस स्टँडवर होते," भिंगरी म्हणाली.

"हो, पण कुठल्या पदावर?"

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. कुणाचा तरी फोन वाजला आणि बंद केला गेला.

"पद नव्हतं. स्टूल होतं." मागे एकदोघं हसले. पण पोर थांबली नाही. "स्टँडवरचे संडास सांभाळायचे आबा. धुवायचे."

आबांची नजर घड्याळावरच होती, पण घड्याळात किती वाजले ते त्यांना दिसत नव्हतं. मोठ्या बाई मात्र मुरलेल्या. त्यांनी लगेच माईक आपल्याकडे ओढून घेतला.

"म्हणजेच सार्वजनिक आरोग्य विभाग!" त्या म्हणाल्या. "किती मोठी सेवा. जोरदार टाळ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अख्ख्या हॉलनं सुटकेचा श्वास सोडला. अशी चपळाई आबांनी फ्लॅशकडेही पाहिली नव्हती. मुंडकं अजून धडावरच होतं आणि बाईंनी त्यावर दुसरा कोट चढवलासुद्धा.

"नाही बाई," भिंगरी टाळ्यांतून म्हणत होती. "विभाग नाही. संडास." पण माईक दूर गेला होता. पुढच्या दोन ओळींना तेवढं ऐकू गेलं, आणि त्या ओळींतल्या लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. आबांना मात्र दोन्ही वेळा ऐकू आलं होतं. खिशातले हात त्यांनी बाहेर काढले.

खाली उतरल्यावर लोकांनी त्यांना गराडा घातला. "आरोग्य विभाग का, वा! बोलला नाहीत कधी."

"संडास," आबा म्हणाले.

"हो हो, तेच ते. महत्त्वाचं खातं."

मुलाला आता कंठ फुटला होता. जो भेटेल त्याला तो सांगत होता, "आरोग्य विभाग. बस खात्याकडे नंतर वर्ग झाले." एवढ्या वेळात त्यानं बापाची बदलीही करून टाकली होती. गर्दीतून वाट काढत फ्लॅश आला, त्याचा चेहरा खरोखर हळहळलेला होता.

"आबा, आधी बोलायचं ना. आरोग्य विभागाचा पांढरा कोट आहे माझ्याकडे. अजूनही करून देतो, चेहरा आहेच."

"किती वेळ लागेल?" मुलानं लगेच विचारलं.

"नको," भिंगरी म्हणाली. "मी करीन. मला येतं." मग ती आबांकडे वळली. त्यांच्या नजरेला नजर द्यायला तिला अजून जड जात होतं, म्हणून ती त्यांच्या सदऱ्याच्या बटणाशी बोलली. "आबा, ते दार अजून आहे का स्टँडवर?"

"आहे की. जाईल कुठे?"

"मग तिथे तुझा फोटो काढायचाय. आत्ता. बाबा, फोन दे."

"आत्ता कुठे स्टँडवर?" मुलगा चार बाजूंना पाहत दबक्या आवाजात म्हणाला. "बक्षीस मिळालं ना? झालं की आता. उगाच आगीत तेल कशाला? आबा, तुम्ही तरी सांगा तिला."

सूनबाई पुढे झाल्या. त्यांनी पर्स उघडली आणि स्वतःचा फोन काढून पोरीच्या हातात ठेवला. "चार्जिंग कमी आहे," त्या म्हणाल्या. "जाऊन लगेच या." मुलगा त्यांच्याकडे अशा नजरेनं बघत राहिला, की जणू शोरूममधला एखादा कमोड अचानक बोलायला लागला होता.

भिंगरीनं चषक बापाच्या हातात दिला आणि आबांचं बोट धरून ती दाराकडे निघाली. मागे माईकवरून मोठ्या बाई दुसऱ्या नंबरच्या बँक मॅनेजरांना बोलावत होत्या, आणि शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा पँट सावरत उठत होते.

रस्त्याला लागल्यावर आबांनीच तोंड उघडलं.

"वास येईल तिथे. सांगून ठेवतो."

"येऊ दे."

"आणि फोटोत मी हसणार नाही."

"नको हसू."

"आता तिथे बसतो तो माणूस मोठा खडूस आहे. कुणाशी सरळ बोलत नाही. फोटो काढू देईल असं वाटत नाही."

भिंगरी चालता चालता थांबली आणि तिनं पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुझ्यापेक्षा खडूस?"

आबांनी चालायचा वेग वाढवला, इतका की पोरीला त्यांच्यामागे पळावं लागलं.